बागेचं कुलूप आणि बायकांची दुपार

मे महिना लागला की आमच्या वस्तीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मुलांची सुट्टी आणि मुलींची उन्हाळी कामं. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, वर्षभराचं तिखट. पत्र्यावर वाळवण घालायचं आणि काठी घेऊन कावळे हाकलत बसायचं. शाळा बंद, म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळायचं ते वेगळंच. सकाळी बॅट खांद्यावर टाकून बाहेर पडलेला मुलगा दुपारी जेवायला येतो, तेव्हा त्याच्या बहिणीचं अर्धं पीठ लाटून झालेलं असतं. सुट्टी दोघांनाही लागलेली असते, मिळते एकालाच.

या वर्षी सुट्टी लागण्याआधीच चौकात मोठा फलक लागला. महापालिकेचे उन्हाळी उपक्रम. मुलांसाठी क्रिकेट, पोहणं, स्केटिंग. ग्रंथालयात बालवाचकांसाठी गोष्टींचा तास आणि हस्ताक्षर स्पर्धा. महिलांसाठी मेंदी, केक आणि रुखवताच्या वस्तू. खाली आमच्या नव्या उद्यानाचं रंगीत चित्र, कारंज्यापाशी हसत उभं असलेलं चौकोनी कुटुंब. फलक वाचून मी क्षेत्रीय कार्यालयात गेले आणि विचारलं, "मुलांसाठी म्हणजे मुलींसाठीसुद्धा का?" टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "अर्थातच ताई. मुली येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? आम्ही काही कुणाला अडवलेलं नाही."

अडवलेलं नाही, हे खरंच आहे. बागेच्या पाटीवर कुठेही "स्त्रियांना प्रवेश नाही" असं लिहिलेलं नसतं. ग्रंथालयाच्या नियमावलीतही नसतं. तरीही मे महिन्याच्या कुठल्याही संध्याकाळी कुठल्याही बागेत जा आणि बघा, बारा वर्षांवरच्या किती मुली खेळताना दिसतात. आम्ही मंडळातल्या तिघी एकदा वही घेऊन मोजायला बसलो होतो. मुलग्यांच्या खुणा करता करता पान भरलं. मोठ्या मुली मोजायला हाताची बोटं पुरली, आणि त्याही बाकावर बसलेल्या, कडेवर कुणाचं तरी पोर.

ज्या बागेबद्दल मी लिहिते आहे, तिची हकिकत आधी सांगायला हवी. कारण त्या हकिकतीत माझीही चूक आहे.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी तिला उद्यान म्हणायचं धाडस कुणी केलं नसतं. सोसायट्यांच्या मागे पडलेला तो एक मोकळा तुकडा होता. मोडकं कुंपण, पाच-सहा कडुलिंब, एक जुना पिंपळ, गंजलेली घसरगुंडी. पण रोज दुपारी एक ते चार तिथे एक सभा भरायची. सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि पोळ्या करणाऱ्या बायकांची. त्यातल्या बऱ्याच जणी लांबच्या वस्त्यांतून, दोन बस बदलून येणाऱ्या. सकाळची चार घरं आटोपलेली, संध्याकाळच्या कामाला अवकाश. मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचं तर बसभाडं दुप्पट, आणि घर म्हणजे पत्र्याखालची भट्टी. शिवाय घरी गेलेल्या बाईला घर रिकामं बसू देत नाही. तेव्हा कुंपणाच्या भगदाडातून आत यायचं, झाडाखाली डबा उघडायचा, चपला उशाला घेऊन पाठ टेकायची. कुणी भिशीचा हिशेब करी, कुणी सासूबद्दल बोले, कुणी नुसतीच डोळे मिटून पडे. २००८ च्या कायद्याने महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आलं, त्याच्या नोंदणीचे अर्ज आम्ही याच पिंपळाखाली भरले. संघटनेला कार्यालय नव्हतं. ती सावली हेच आमचं कार्यालय होतं.

मग एका संध्याकाळी तिथून जाणाऱ्या एका कॉलेजातल्या मुलीची छेड काढली गेली. अंधार असे, दारू पिऊन बसणारी टोळकी असत. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतरचे ते दिवस होते, सगळ्यांचीच मनं पेटलेली होती. आम्ही सह्यांची मोहीम काढली. दिवे लावा, कुंपण दुरुस्त करा, रखवालदार नेमा, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा. त्या निवेदनावरची पहिली सही माझी होती.

काही वर्षं गेली आणि खरोखरच काम सुरू झालं. झालं तेव्हा ओळखू येणार नाही असं झालं. टोकदार सळ्यांची उंच भिंत, दोन दारं, मातीवर पेव्हर ब्लॉक, कारंजं, कॅमेरे, व्यायामाची यंत्रं. स्वच्छतागृहही झालं, त्याची किल्ली कुणाकडे असते हे अजून कळलेलं नाही. उद्घाटनाला आम्हाला बोलावलं, नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. दाराशी पाटी लागली: सकाळी ६ ते १०, सायंकाळी ४ ते ८.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सगळ्या बायका डबे घेऊन दाराशी उभ्या. आत पिंपळ दिसतो आहे, सावली दिसतो तिथे पडली आहे, आणि दाराला कुलूप. काही दिवस त्या समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसल्या. दुकानदारांनी हाकललं. मग सोसायटीच्या जिन्याखाली. तिथूनही तक्रार झाली. आता त्या कुठे बसतात ते विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "बसतोय कुठे बाई, चालतोय. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना लांबून जातो."

आम्ही सुरक्षितता मागितली होती. मिळालं कुलूप. आणि टोळकी? ती आता भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसतात. संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या मुलींना आता एका बाजूला उंच भिंत आणि दुसऱ्या बाजूला टोळकं, अशा बोळातून जावं लागतं. दुपारी चाळीस बायका जिथे बसलेल्या असतात तिथे कुणाची छेड काढायची हिंमत होत नाही, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. जागा माणसांनी सुरक्षित होते, सळ्यांनी नाही. आम्ही दिवे मागितले ते बरोबर होतं. पण "दुपारची बाग आमची आहे, ती तशीच राहू द्या" हे लिहायचं राहून गेलं. कारण ती आमच्या ताब्यात आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. भगदाडातून मिळालेली गोष्ट हक्काने मागायची असते हे सुचलं नाही.

आता वेळेचा हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाची नऊ. पाच वर्षांत अंतर होतं तिथेच राहिलं. हे जवळजवळ पाच तास कोणते असतात? सकाळचे आणि संध्याकाळचे. पाणी येण्याचे, डबे भरण्याचे, चूल पेटण्याचे, पोरांना जेवू घालण्याचे. आणि आपल्या शहरांतल्या कितीतरी बागा नेमक्या सकाळ-संध्याकाळ उघड्या असतात. ज्या वेळात बाई मोकळी असते त्या वेळात बाग बंद, आणि बाग उघडी तेव्हा बाई ओट्यापाशी. कुणी अडवलेलं नाही, अगदी खरं. घड्याळाने अडवलेलं आहे.

ग्रंथालयांचंही तेच. आपल्याकडे १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान हजारांत मोजावं लागतं. तेवढ्यात भाडं, वीज, पुस्तकं आणि सेवकाचा पगार. तेव्हा ग्रंथालय दिवसातून तीन तास उघडतं. आमच्याकडे संध्याकाळी ५ ते ८. सांभाळणाऱ्या बाईच आहेत, मानधन त्यांनी सांगितलं तेव्हा मला लाज वाटली. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण संध्याकाळी ५ ते ८ या वेळात तिथे कोण येतं? स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण आणि वर्तमानपत्रं वाचणारे निवृत्त काका. कपाटात स्त्रियांसाठी म्हणून पाककृती, व्रतवैकल्यं आणि कादंबऱ्यांचा एक कप्पा.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात हे त्यातलं पहिलं. ते सांगताना त्यांनी आधी कपाटांबद्दल नाही, तर ग्रंथालय कुठे असावं आणि किती वेळ उघडं असावं याबद्दल लिहिलं. कुलपामागचं पुस्तक हे पुस्तक नव्हेच, असा त्याचा अर्थ मी लावते. नव्वद वर्षं होऊन गेली. हे शास्त्र परीक्षेला आहे, दाराच्या पाटीवर नाही.

आमच्या वस्तीत एक मुलगी होती. वाचनाचं वेड. सहावीत असताना गोष्टींची पुस्तकं संपवून ती मोठ्यांच्या कपाटाकडे वळली होती. ग्रंथालयाच्या बाई तिच्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवत. सातवीच्या सुट्टीत तिची आई नव्या कामाला लागली आणि संध्याकाळचा स्वयंपाक मुलीकडे आला. त्यातच ती "मोठी" झाली. संध्याकाळी बाहेर पडणं बंद. बाईंनी दोन महिने तिचं पुस्तक बाजूला ठेवलं, मग दुसऱ्याला दिलं. तिला कुणी मारलं नाही, शाळेतून काढलं नाही, कुठल्याही तक्रार अर्जात बसेल असं काही घडलं नाही. फक्त एक वाचक कमी झाली. अशा गोष्टींची नोंद आपण कुठे करायची?

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीनेही ही नोंद नीट केलेली नाही. मी स्वतःला त्यातून वगळत नाही. बैठकीत बागेचा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, "अगं, आधी पाणी, रेशन, मारहाणीच्या केसेस. बागेत बसणं हे काय आपलं काम आहे?" मीही अनेक वर्षं हेच म्हणत आले. हिंसेविरुद्ध आपण लढलो, मजुरीसाठी लढलो, आणि विसाव्याला चैन समजलो. बाईच्या विसाव्याला आपल्या समाजात नेहमीच कारण लागलं आहे. मंगळागौर असेल तर फुगडी घालायची परवानगी, हस्त लागला की भोंडला, संक्रांतीला हळदीकुंकू. खेळायचंही देवाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाने. विनाकारण, नुसतंच, जिवाला बरं वाटतं म्हणून बाहेर बसलेली बाई अजूनही डोळ्यांत खुपते. त्यात ती कामवाली असेल तर आणखीच.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर दिसते ती सतत काहीतरी काम करताना, कुठेतरी जाताना. हातात पिशवी, कानाला फोन, पाय उचललेला. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हाही शहरावरचा हक्क आहे, हा त्यांचा मुद्दा मला पहिल्यांदा वाचला तेव्हा सुखवस्तू वाटला होता. पिंपळाखालच्या बायका हाकलल्या गेल्यावर तो समजला. २०१४ पासून 'ब्लँक नॉइज' या गटाने सुरू केलेल्या उपक्रमात देशातल्या वेगवेगळ्या शहरांत स्त्रिया एकत्र येऊन बागेत झोपतात. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. सतरंजी अंथरायची आणि डोळे मिटायचे. भीतीशिवाय झोपणं, एवढीच मागणी. आमच्या मावशींना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "याचा मोर्चा असतो होय? आम्ही तर रोज काढत होतो."

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असंही नाही. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथे १९९० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत यायच्या हळूहळू बंद होतात, मुलगे येतच राहतात. मुलींना खेळायला नको असतं असं नव्हतं. बागेत एकच मोठं मैदान, त्याला जाळीचं कुंपण आणि आत जायला एकच दार. ते मुलग्यांनी व्यापलेलं असलं की त्यांच्याशी भांडून जागा घेण्यापेक्षा मुली निघून जात. तेव्हा १९९९ साली तिथल्या नगरपालिकेने दोन बागांची फेररचना केली. मैदानाला रुंद, एकाहून जास्त दारं केली, मोठ्या जागेचे लहान लहान भाग पाडले, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलची सोय केली, पायवाटा वाढवल्या. मुली परत आल्या. मुलग्यांना कुणी हाकललं नाही. हे वाचल्यावर मी आमच्या बागेत गेले आणि दारं मोजली. खेळाच्या जाळीला एकच दार, आणि त्या दारात मोटारसायकली लावलेल्या.

आपल्याकडेही वेगळा विचार करून पाहिलेली माणसं आहेत. पुण्यात सारसबागेजवळ १९७९ पासून गरवारे बालभवन चालू आहे. शोभाताई भागवतांनी अनेक वर्षं ते सांभाळलं. मुलगे आणि मुली एकत्र मातीत खेळतात, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. आणि मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा तिथल्या स्त्री संघटनांनी नकाशे उघडून अभ्यास केला, पाळणाघरं, वसतिगृहं, स्वच्छतागृहं, विसाव्याच्या जागा यांची मागणी लेखी लावून धरली. २०१८ साली अमलात आलेल्या त्या आराखड्यात नोकरदार स्त्रियांची वसतिगृहं, आधार केंद्रं अशा नावांनी जागा राखून ठेवल्या गेल्या. राखीव जागेवर प्रत्यक्ष काय उभं राहतं ही पुढची लढाई आहे. पण निदान नकाशावर बाई दिसली. विकास आराखडा हा इंजिनिअर आणि बिल्डर यांचा विषय नाही, तो आपला विषय आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आम्हीही गेल्या वर्षी एक प्रयत्न केला. त्या वेळी आमच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते. २०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता. ज्या राज्याने २०११ साली स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना ५० टक्के जागा दिल्या, तिथे दाद मागायला एकही नगरसेविका नाही, अशी अवस्था. म्हणून आम्ही थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. दुपारी बाग उघडी ठेवा म्हटल्यावर उत्तर आलं, "दुपारी जोडपी येऊन बसतात, तक्रारी येतात." मी म्हटलं, "साहेब, जोडप्यातही एक मुलगी असते, तिलाही कुठेतरी बसायचं असतं." ते गप्प झाले. मग म्हणाले, "बायका दुपारी घरीच असतात ना?" तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "साहेब, तुमच्या घरी दुपारी कोण असतं? तुमची बाई. आणि भांडी कोण घासतं? मी. मग मी कुठल्या घरी असू?"

शेवटी उन्हाचा मुद्दा कामी आला. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक जास्तीचे मृत्यू झाल्याचं पुढे अभ्यासातून दिसलं, आणि २०१३ साली त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. तेव्हापासून अनेक शहरांनी आणि राज्यांनी असे आराखडे केले. तहानलेल्यांना पाणी, कामाच्या वेळांत बदल, आणि बागा दुपारी उघड्या ठेवणं असे साधे उपाय त्यांत असतात. हे कागद आम्ही टेबलावर ठेवले. बाईला विसावा हवा म्हणून जे दार उघडत नव्हतं, ते ऊन लागून माणूस मरेल म्हटल्यावर उघडलं. फक्त मे महिना, फक्त मागचं दार, दुपारी १२ ते ४. एक महिला रखवालदार नेमली.

पहिल्या दिवशी चौघीच आल्या. कुणी परत हाकलेल म्हणून दाराजवळच बसल्या. आठवड्याने पिंपळाचा पार भरला. मग ग्रंथालयाच्या बाई स्वतःहून म्हणाल्या, पन्नास पुस्तकं पेटीत घालून आणते. मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दिवशी धाकट्यांना कडेवर घेऊन मुली येऊ लागल्या. वाळवणाची पाळी एकमेकींत वाटून घेऊन यायच्या. एक वाचायची, दुसरी पोरं बघायची, मग उलट. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या मावशी म्हणायच्या, "मोठ्यानं वाच गं." पारावर पडल्या पडल्या चाळीस बाया गोष्ट ऐकतायत, काही घोरतायत. माझ्या तीस वर्षांच्या कामात इतका कमी खर्चाचा आणि इतका चांगला कार्यक्रम मी पाहिलेला नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. सोसायटीतल्या काही मंडळींनी तक्रार केली की बायका आडव्यातिडव्या झोपतात, बागेची शोभा जाते. त्यात आमच्या महिला मंडळातल्या दोघी होत्या. ज्यांच्या घरची भांडी घासून त्या मावशी आलेल्या असतात, त्यांनाच त्यांचं पाठ टेकणं बघवत नाही. हे नुसतं बाई-पुरुषाचं प्रकरण नाही. इथे वर्ग आहे आणि जातही आहे. सार्वजनिक पैशांतल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा सर्वांना खुल्या, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. त्या लढ्याशी मी बागेची बरोबरी करत नाही. पण "सार्वजनिक" हा शब्द कागदावर लिहिल्याने खरा होत नाही, हे आपण महाडहून शिकलो आहोत. आमच्या मंडळात त्या दोघींशी खूप भांडण झालं. एक अजून बोलत नाही. दुसरी महिनाअखेरीस माठ घेऊन आली, आणि पारावर बसली.

जून लागला, रखवालदार बाईचं कंत्राट संपलं, मागच्या दाराला पुन्हा कुलूप लागलं. पुस्तकांची पेटी ग्रंथालयात परत गेली. या वर्षीच्या रंगीत फलकावर बागेची वेळ जुनीच आहे.

पैसा नाही असं सांगितलं जातं. महापालिकांनी महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकाच्या ५ टक्के रक्कम ठेवायची, असे शासनाचे आदेश आहेत. ती रक्कम कशावर खर्च होते ते एकदा माहितीच्या अधिकारात मागवून बघा. शिलाई यंत्रं, मेंदीचे वर्ग, आठ मार्चचा मांडव आणि पैठणीचे खेळ. शिलाई यंत्राला माझा विरोध नाही. पण बाईला द्यायचं ते तिने आणखी काम करावं म्हणूनच द्यायचं, हा विचार बदलायला हवा. एका रखवालदार बाईचा पगार आणि ग्रंथालयाच्या बाईंना दुपारच्या तीन तासांचं मानधन, याला कारंज्याइतका खर्च येत नाही.

म्हणून माझ्या मते आपल्या गटांनी आपापल्या शहरांत ठामपणे मागावं ते एवढं: बागा दुपारी उघड्या, निदान मार्च ते जून. दार बंद करून नव्हे, माणूस नेमून सुरक्षितता. स्वच्छतागृह उघडं आणि त्यात पाणी. बागेच्या सुशोभीकरणाचा नकाशा पक्का होण्याआधी तो वस्तीतल्या बायकांना आणि मुलींना दाखवावा. खेळाच्या मैदानावर मुलींचे ठरलेले तास, मुलींच्याच प्रशिक्षक बाईंसह. ग्रंथालय आठवड्यातून तीन दिवस तरी दुपारी उघडं, आणि नाही जमलं तर पुस्तकांची पेटी बायका असतील तिथे. उन्हाळी शिबिराच्या फलकावर "मुलांसाठी" ऐवजी "मुली आणि मुलगे" असं लिहावं, आणि शिबिर संपल्यावर किती मुली आल्या तो आकडाही त्याच चौकात लावावा. आकडा लावायचा म्हटलं की "त्या येत नाहीत" असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

आणि एक काम आपलं स्वतःचं. पुढच्या वेळी सुरक्षिततेचं निवेदन लिहाल तेव्हा सही करण्याआधी विचारा, या जागेत आज कोणत्या बायका बसतात आणि उद्या त्या कुठे जातील. मी विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्या मुलीची गाठ पडली, जिचं पुस्तक बाजूला ठेवलं जायचं तिची. गेल्या मे महिन्यात तीच पारावर मोठ्याने वाचून दाखवायची. मला बघून तिने पहिलं विचारलं, "पेटी कधी येणार?" तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. एक मे उलटून गेला, पण ऊन अजून उतरलेलं नाही. सोमवारी आम्ही पुन्हा डबे आणि सतरंज्या घेऊन त्या मागच्या दाराशी बसणार आहोत, बाहेरच्या बाजूला, भर दुपारी. तुमच्या गावातल्या बागेची पाटी काय म्हणते ते बघा, आणि काय केलंत ते जरूर लिहा.